असे कोण कोणास म्हणाले?
(मोटारींच्या जाहिराती आणि त्यांचा श्रोता)



स्मृतिव्याख्यानाचा विषय मी कळविला तेव्हा कार्यवाहांनी दूरध्वनी करून तो पुन्हा एकदा विचारून घेतला. मराठीचा निवृत्त प्राध्यापक संतवाङ्मयावर बोलेल, फार तर नाट्यसंगीतावर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी, आणि ती अवास्तव नव्हे. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आम्हाला भाषेकडे पाहण्याची जी दृष्टी दिली ती ग्रंथांपुरती नव्हती. परीक्षेत एक ठरावीक प्रश्न असे : ‘असे कोण कोणास म्हणाले?’ आम्ही तो दोन गुणांचा सोपा प्रश्न समजत असू. गुरुजी म्हणत की, वाक्याचा अर्थ या प्रश्नाच्या उत्तरानंतर सुरू होतो. आज मी तो प्रश्न मोटारींच्या जाहिरातींना विचारणार आहे.

मोटारीच्याच का? कारण घर सोडले तर मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात एवढी मोठी रक्कम क्वचितच एखाद्या वस्तूसाठी मोजतो, आणि ती वस्तू चारचौघांत, रस्त्यावर, दारासमोर उभी राहते. साबण आपण न्हाणीघरात वापरतो. कोणता, हे शेजाऱ्याला कळत नाही. मोटारीचे तसे नाही. म्हणून तिची जाहिरात लिहिणाऱ्याला शब्द फार जपून वापरावे लागतात. तीस सेकंदांत प्रत्येक शब्द तोलून घातलेला असतो. एवढी काटेकोर शब्दयोजना आज कवीसुद्धा करीत नाहीत, असे म्हणण्याचा मोह होतो, पण सभागृहात कवी बसलेले दिसतात, म्हणून आवरतो. महाराष्ट्रात दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनाखाली ‘जाहिरात लेखन’ शिकविले जाते. मुलांना जाहिरात लिहिता यावी हे चांगलेच. परंतु ती वाचता यावी यासाठी तेवढा खटाटोप होताना मला दिसत नाही.

वाचनाची साधने आपल्याकडे जुनी आहेत. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त एक साधे उदाहरण येते : ‘सूर्य मावळला’. वाच्यार्थ एकच. पण सेनापतीला त्यातून ‘शत्रूवर चाल करण्याची वेळ झाली’ असे कळते, अभिसारिकेला ‘निघ आता’ असे, मजुराला ‘काम थांबव’ असे, गुराख्याला ‘गाई घराकडे वळव’ असे, कर्मठाला ‘संध्येला बस’ असे, आणि दुकानदाराला ‘मांडलेला माल आवर’ असे. शब्द तेच, ऐकणारा बदलला की व्यंग्यार्थ बदलतो. आधुनिक जाहिरातशास्त्र ज्याला ‘लक्ष्यवर्ग’ म्हणते, तो हाच. आपल्या शास्त्रकारांनी त्याला ‘बोद्धव्य’ म्हटले : ज्याला उद्देशून बोलायचे तो. फरक इतकाच की, जाहिरातीत आधी बोद्धव्य निश्चित होतो आणि सूर्य मागाहून मावळविला जातो.

व्यंजना कशामुळे संभवते याची जी यादी मम्मट देतो, तीत वक्ता आहे, बोद्धव्य आहे, आवाजाची ढब म्हणजे काकू आहे, प्रकरण, देश, काल आहेत. आणि आणखी एक गोष्ट आहे : ‘अन्यसंनिधी’. म्हणजे बोलताना तिसरे कोणीतरी जवळ असणे. आपल्या आयाबायांनी हाच सिद्धांत चार शब्दांत बांधून ठेवला आहे : लेकी बोले, सुने लागे. माझ्या आजच्या प्रतिपादनाचा गाभा एवढाच आहे की, मोटारीची जाहिरात गिऱ्हाइकाशी बोलते असे दिसते खरे, पण तिची ताकद तिसऱ्याच्या उपस्थितीत असते. शेजारी, सोयरे, कचेरीतले सहकारी, यांच्यापैकी बहुतेक जण ती गाडी कधीच घेणार नसतात. तरीही त्यांनी जाहिरात पाहिली पाहिजे. पाहिली नाही तर दारात उभ्या राहिलेल्या गाडीचा अर्थ त्यांना कळणार कसा?

आरंभ परदेशातून करतो, कारण या विद्येचे ठळक नमुने तिकडचे आहेत. १९६० साली अमेरिकेतील नियतकालिकांत फोक्सवॅगनच्या ‘बीटल’ गाडीची एक जाहिरात आली. पानावर गाडीचे साधे काळेपांढरे छायाचित्र, आणि खाली ठळक अक्षरांत एकच शब्द : ‘लेमन’. अभिधेने अर्थ लिंबू. मोटारीच्या चित्राखाली लिंबू हा अर्थ बसत नाही; आपल्या परिभाषेत मुख्यार्थाचा बाध होतो. मग लक्षणा धावून येते. अमेरिकन बोलीत नवी घेतलेली पण सदोष निघालेली गाडी म्हणजे ‘लेमन’. ही रूढ लक्षणा. आता वाचक थबकतो : कारखानदार स्वतःच आपल्या गाडीला टाकाऊ म्हणतो आहे? तो खालचा बारीक मजकूर वाचतो. तेथे सांगितलेले असते की, आतल्या कप्प्यावरच्या चकचकीत पट्टीला किंचित डाग दिसला म्हणून तपासनिसाने ही गाडी नापास केली. आणि मग व्यंजना : एवढ्याशा डागासाठी जे गाडी अडवितात, त्यांच्याकडून तुमच्यापर्यंत येणारी गाडी निर्दोषच असणार. निंदेच्या मिषाने स्तुती, म्हणजे आपला व्याजस्तुती अलंकार! शब्दशक्तींचा पाठ शिकविण्यासाठी याहून नेटके उदाहरण मला संस्कृतातही चटकन आठवत नाही.

पण आपला प्रश्न : कोण कोणास म्हणाले? ही जाहिरातमाला डॉइल डेन बर्नबाक या न्यूयॉर्कच्या संस्थेने १९५९ साली सुरू केली. पहिल्या काही जाहिरातींपैकी एकीत जवळजवळ कोऱ्या पानाच्या एका कोपऱ्यात ती छोटी गाडी होती आणि वाचकाला लहान विचार करण्याचा सल्ला होता. त्या काळच्या अमेरिकन गाड्या लांबलचक, मागे माशाच्या कल्ल्यांसारखे पंख फुटलेल्या. बीटल त्यांच्यापुढे बुटकी, शिवाय जर्मन, आणि तिचा जन्म हिटलरच्या राजवटीतला. महायुद्ध संपून पंधरा वर्षेही झाली नव्हती. संस्थेचे एक संस्थापक विल्यम बर्नबाक स्वतः ज्यू होते. अशा गाडीसाठी कोणाशी बोलायचे? ज्याला पंखवाल्या गाडीचा मनातून संकोच वाटतो त्या शिकलेल्या माणसाशी. त्याला विनोद कळतो, आणि विनोद कळला याचेच त्याला सुख होते. काव्यशास्त्रात ज्याला ‘सहृदय’ म्हणतात तो रसिक येथे जाहिरात स्वतःच घडविते. तिसरा कोण? शेजारचा मोठ्या गाडीचा मालक. बीटल दारात उभी करणारा त्याला न बोलता सांगतो की, मला तुझ्यासारखा डामडौल लागत नाही. साधेपणाचाही तोरा मिरविता येतो, हे या जाहिरातीने व्यवहारात उतरविले.

त्याहून जुना नमुना १९२३ सालचा. क्लीव्हलँडच्या नेड जॉर्डन या कारखानदाराने आपल्या ‘प्लेबॉय’ गाडीची जाहिरात स्वतः लिहिली. तीत यंत्राविषयी, किमतीविषयी काही नव्हते. पश्चिमेकडचे मोकळे रान, घोड्यावर मांड टाकणारी धीट मुलगी आणि वेग, बस्स. कंपनी पुढे मंदीच्या काळात बुडाली. जाहिरात मात्र अभ्यासकांच्या स्मरणात राहिली. माल नाहीसा झाला आणि अर्थवाद उरला.

‘अर्थवाद’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला. मीमांसकांच्या मते वेदात विधी असतो आणि त्या विधीची रुची उत्पन्न करण्यासाठी स्तुतिपर वाक्ये असतात, ती अर्थवाद. त्यांची अक्षरशः सत्यासत्यता तपासायची नसते, ती कशाकडे वळवितात ते पाहायचे असते. वर्तमानपत्रातील कोणतीही मोटारीची जाहिरात घ्या. वरच्या बोटभर अक्षरांत अर्थवाद असतो, आणि तळाशी, तारकाचिन्हापुढे, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत विधी : ‘अटी व नियम लागू’. मीमांसकांनी विधीला श्रेष्ठ मानले होते. त्याची ही अवस्था त्यांना पाहवली नसती.

आता आपल्या देशाकडे. स्वातंत्र्यानंतरची पहिली तीन दशके या विषयाच्या दृष्टीने जवळजवळ निःशब्द म्हणावी लागतात. उत्तरपाड्याची अँबॅसडर, मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट, मद्रासची स्टँडर्ड, निवड संपली. पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहायची. ज्याच्या दाराशी गिऱ्हाईक रांग लावून उभे आहे त्याने स्तुतिपाठक कशाला पदरी बाळगावेत? १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० च्या पहिल्या गाडीची किल्ली मालकाच्या हाती पडली आणि चित्र पालटू लागले, जरी आरंभी तिच्यासाठीही नोंदणी करून थांबावे लागेच.

मोटारीआधी एका स्कूटरच्या जाहिरातीपाशी क्षणभर थांबतो, कारण तीत व्याकरणाची मौज आहे. १९८९ साली ‘हमारा बजाज’ दूरदर्शनवर आली. निरनिराळ्या थरांतली, वयांची माणसे आणि त्यांच्यात ती स्कूटर. हिंदीतला ‘हमारा’ मोठा सोयीचा शब्द आहे; ऐकणारा त्यात आहे की नाही, हे तो सांगत नाही. मराठीला असे संदिग्ध राहता येत नाही. ‘आमचा’ म्हटले तर तुम्ही बाहेर, ‘आपला’ म्हटले तर तुम्ही आत. गुजरातीतही ‘अमारुं’ आणि ‘आपणुं’ असा भेद आहे, हे बडोदेकरांना मी सांगायला नको. ‘आमचा बजाज’ असे म्हणताच तो पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कामगाराचा उद्गार होतो. ‘आपला बजाज’ म्हणताच साऱ्या आळीचा. हिंदी जाहिरातीचे मराठी भाषांतर करणाऱ्याला असले निर्णय घ्यावे लागतात, आणि ते घाईत घेतलेले असतात, हे मराठी वृत्तपत्रांतील पानभर जाहिराती वाचताना पदोपदी जाणवते. आणि आपण? बडोद्याच्या मराठी माणसाशी मोटारवाला हिंदीत बोलतो, गुजरातीत बोलतो, इंग्रजीत बोलतो. मराठीत बोलत नाही. दीडदोनशे वर्षांहून अधिक काळ येथे राहिलेले आपण कोणत्याच जाहिरातीचे बोद्धव्य नाही. त्याचा खेद करावा की त्यात सुख मानावे, हे मी अद्याप ठरविलेले नाही. एक लाभ मात्र निश्चित : जो संबोधित नसतो त्याला दुसऱ्यांचे संभाषण स्वच्छ ऐकू येते.

१९९८ च्या उत्तरार्धात ह्युंदाई कंपनीची ‘सँट्रो’ आली. कंपनी कोरियाची, नाव उच्चारायला अवघड, गाडीचा घाट उंच आणि त्या काळच्या डोळ्यांना थोडा चमत्कारिक. ओळखीच्या चेहऱ्यासाठी शाहरुख खान यांची योजना झाली. नटाने वस्तूची भलामण करणे नवे नव्हते. येथे मात्र प्रारंभीच्या जाहिरातींत नट भलामण करीत नाही. कंपनीचा माणूस त्याला गळ घालतो आणि तोच उलट शंका विचारतो. ही कंपनी कोणती? गाडी इकडच्या परिस्थितीला चालेल का? न्यायशास्त्रात आप्तवाक्य प्रमाण मानतात. आप्त म्हणजे जो जाणतो आणि खरे सांगतो. नट मोटारीतला जाणकार नव्हे, तेव्हा तो आप्त कसा व्हावा? जाहिरातकाराने चतुराई केली : त्याच्या तोंडी सिद्धांत घातलाच नाही, पूर्वपक्ष घातला. घरोघरी बापलेकांत ज्या शंकांची चर्चा चालली असती त्या त्याने आधीच मांडल्या. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला की सिद्धांतावर विश्वास बसतो, हे शंकराचार्यांपासून आपण पाहत आलो आहोत.

मारुतीच्या जाहिरातींनी वेगळे मर्म पकडले. या शतकाच्या आरंभीच्या एका जाहिरातीत लहानगा शीख मुलगा खेळण्यातली मोटार घरभर फिरवीत असतो. वडील वैतागतात, तर तो म्हणतो की, काय करू, पेट्रोल संपतच नाही! पुढे २०१० च्या सुमारास ‘कितना देती है?’ ही माला आली. विक्रेता एखाद्या भारी यंत्राचे गुणगान करतो आहे, आणि आपला माणूस सारे ऐकून घेऊन एकच प्रश्न विचारतो : एका लिटरला किती? ही जाहिरात काटकसरी माणसाला हसत नाही, त्याला हसायला लावते, आणि त्या हसण्यात त्याची काटकसर सन्मानाने सोडवून घेते. मराठी मध्यमवर्गाने पिढ्यान् पिढ्या जो गुण थोडा लपवीत जोपासला, तो राष्ट्रीय गुण म्हणून पडद्यावर आला. (हे आकडे पुण्याची एआरएआय ही संस्था ठरावीक परिस्थितीत तपासून देते, आपल्या रस्त्यांवर, आपल्या ब्रेक दाबण्याच्या सवयीने, ते तसे येत नाहीत. तारकाचिन्ह येथेही आहेच.)

आणि आता नॅनो. येथे मला थोडे अधिक रेंगाळायचे आहे, कारण तो कारखाना आपल्याच गुजरातेत, साणंदला उभा राहिला.

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात रतन टाटा यांनी ती गाडी जगापुढे आणली. तिच्यामागची प्रेरणा त्यांनीच सांगितलेली आहे : पावसात एका स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब. लाख रुपयांत गाडी हे वचन होते आणि मूळ नमुन्यापुरते ते पाळले गेले. मार्च २००९ मध्ये ती बाजारात आली. जगभर तिचे वर्णन एका शब्दात होऊ लागले : सर्वांत स्वस्त. वर्षाला अडीच लाख गाड्या काढता येतील असा कारखाना उभारला गेला. खप त्याच्या जवळपासही स्थिरावला नाही. २०१८ मध्ये उत्पादन जवळजवळ थांबले. सिंगूरहून कारखाना हलवावा लागला, त्यात वेळ गेला. काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या. या कारणांचे वजन मी कमी लेखीत नाही. परंतु २०१३ साली खुद्द रतन टाटा यांनी, सर्वांत स्वस्त गाडी म्हणून तिची ओळख झाली हे दुर्दैवी होते, असे बोलून दाखविले. आणि हा मुद्दा भाषेचा आहे, म्हणून माझ्या अधिकारातला आहे.

‘सर्वांत स्वस्त’ हे वाक्य कोणास उद्देशून होते? स्कूटरवरच्या त्या चौघांस. त्यांच्यासाठी त्याचा अर्थ होता : आता तुम्हालाही परवडेल. सद्भावनेने उच्चारलेले, शब्दशः खरे वाक्य. पण ते ऐकायला तिसरा उभा होता. स्कूटरवरून उतरून मोटारीत बसणारा माणूस केवळ पावसापासून सुटका मागत नव्हता. आपण एक पायरी चढलो हे सोयऱ्याधायऱ्यांना कळावे, हेही मागत होता. ती गाडी दारात उभी राहताच साऱ्या आळीला तिची किंमत ठाऊक होती, आणि किंमत हीच तिची कीर्ती होती. म्हणजे मालकाला जे वाक्य ‘तू वर चढलास’ असे ऐकू यायला हवे होते, ते ‘याला एवढेच परवडले’ असे ऐकू आले. लेकीला प्रेमाने बोललेले सुनेच्या कानी असे पडले की लेकच ओशाळली. बीटल अमेरिकेत लहान आणि स्वस्त असूनही मानाने उभी राहिली, कारण तिच्या जाहिरातीने मालकाच्या गरजेविषयी मौन पाळून त्याच्या बुद्धीची वाखाणणी केली. गरीब माणसाला स्वस्त वस्तू हवी असते. पण ती स्वस्त आहे हे जगाला ओरडून सांगायला त्याची संमती नसते. पुढे नॅनोच्या जाहिराती तरुणांकडे वळल्या, रंगीबेरंगी झाल्या. पण एकदा रूढ झालेली लक्षणा पुसता येत नाही.

गेल्या काही वर्षांत जाहिरातींचा सूर पुन्हा पालटला आहे. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची आदळचाचणी प्रसिद्ध केली. पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. डिसेंबर २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सॉनला प्रथमच पाच मिळाले, आणि मग तारे हे जाहिरातीतले विशेषण झाले. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ सुरू झाले. इंधनाचा हिशेब विचारणारा माणूस आता जिवाचा हिशेब विचारू लागला. ही प्रगतीच आहे.

परंतु याच सुरक्षेच्या विषयावरचे एक उदाहरण आपल्यासमोर ठेवल्याशिवाय मला थांबता येणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये रस्ता सुरक्षेसाठी शासनाच्या वतीने एक जाहिरात प्रसृत झाली. ती कोणत्या कंपनीची नव्हती. गाडीत सहा एअरबॅगा असाव्यात, हा तिचा हेतू होता आणि तो स्तुत्यच होता. प्रसंग मुलीच्या पाठवणीचा. नववधू गाडीत बसून निघाली आहे, बाप अश्रू ढाळतो आहे, आणि पोलिसाच्या वेषातले अक्षय कुमार त्याला टोचून सांगतात की, अशा गाडीतून मुलीला धाडतोस तर रडू येणारच. सहा एअरबॅगांची गाडी हवी. पुढे गाडी बदलते, बापाचे मुखही बदलते. वाच्यार्थात आक्षेपार्ह काय आहे? हुंड्याचा शब्दही नाही. पण मम्मटाची यादी पुन्हा आठवा : प्रकरण, देश, काल. प्रकरण लग्नाचे, देश भारत, काल पाठवणीचा. आणि बोद्धव्य गाडी घेणारा कोणी सामान्य नागरिक नव्हे, मुलीचा बाप. १९६१ पासून हुंडा घेणे आणि देणे या देशात कायद्याने गुन्हा आहे. ती जाहिरात हुंड्याला उत्तेजन देते, अशी टीका त्याच महिन्यात अनेकांनी केली, आणि ती मला सर्वथा योग्य वाटते.

ज्यांनी ती तयार केली त्यांच्या मनात हुंडा नसेलही. त्यांनी ठरविलेला श्रोता सुरक्षेविषयी बेफिकीर असणारा वाहनमालक असेल. पण मी ती प्रथम पाहिली ती एका परिचिताच्या घरी, लग्नाची बोलणी चालू असलेल्या घरात. मुलीचे वडील, आई, ती स्वतः आणि मुलाकडचे दोघे, असे पाच जण एकाच पडद्यासमोर बसले होते. कोणी काही बोलले नाही. मुलाच्या काकांनी फक्त गाडीचे नाव विचारले.